सहलीच्या बसमधील दोन जागांविषयी : मुख्याध्यापकांस खुले पत्र

प्रति,
वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण शाळांचे मुख्याध्यापक
आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय : शैक्षणिक सहलीत वस्तुसंग्रहालय कसे पाहावे आणि कोणाला सोबत घेऊन पाहावे, याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्याकडे सहलींची जुळवाजुळव सुरू होते. एस.टी.च्या आगारात सवलतीच्या गाडीसाठी अर्ज जातो, पालकांची संमतीपत्रे गोळा होतात, वर्गणी किती ठेवायची यावर दोन बैठका होतात, आणि ठिकाणांची यादी मात्र पाच मिनिटांत ठरते, कारण ती मागच्या वर्षीचीच असते. रामटेक, सेवाग्राम, दीक्षाभूमी, शेवटी एखादे वॉटर पार्क, आणि ‘वेळ उरल्यास म्युझियम’. मी हिंगणघाट तालुक्यातील एका गावात गेली एकोणीस वर्षे वाचनालय सांभाळतो, दोन वेळा शाळा व्यवस्थापन समितीवर होतो आणि मुलांसोबत पाच सहलींना गेलो आहे. यादीतल्या त्या ‘वेळ उरल्यास’ या शब्दांविषयी हे पत्र आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी बावन्न मुलांना घेऊन आम्ही एका शहरातील संग्रहालयाच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होते. तो साप्ताहिक सुट्टीचा वार होता आणि तशी पाटीही तेथे ठळक अक्षरांत लावलेली होती. आमच्यापैकी एकानेही फोन करून विचारण्याची तसदी घेतली नव्हती, त्यामुळे दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी वार पाहून गेलो, पण तेव्हाही संग्रहालय पाहिले असे म्हणवत नाही. दोन-दोनची रांग, ‘पुढे सरका’, ‘काचेला हात लावू नका’, चाळीस मिनिटांत दालने संपली, बाहेर मुलांची मोजणी आणि लगेच डबे. दुसऱ्या दिवशी शाळेत निबंध लिहून घेतला, तर बहुतेकांच्या वहीत पेंढा भरलेला वाघ होता. ज्या मुलांच्या शेताच्या धुऱ्यावर अधूनमधून खऱ्या वाघाचे पंजे उमटलेले असतात, त्यांनी शहरात जाऊन लक्षात काय ठेवले, तर डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या असलेला वाघ. मी त्या निबंधांवर हसलो होतो. मुलांना दुसरे काही पाहू दिलेच नव्हते, हे ध्यानात यायला आणखी एक सहल जावी लागली.

ती सहल मुंबईची होती. गावातल्या मंडळाकडे गणेशोत्सवाची काही रक्कम शिल्लक होती, तिच्यात पालकांची वर्गणी घालून सातवीची अकरा मुले, दोन शिक्षक आणि मी असे आम्ही वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून गेलो. मुलांना पेंग्विन पाहायचे होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, हे त्यांना मोबाइलमुळे माहीत होते, पण त्याच बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, हे त्यांच्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हते. पुढे कोणी जाणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे की बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. पूर्वीचा धडा आठवून मी या वेळी वार विचारून घेतला होता.

त्या संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी याच्यावरूनच त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना यंत्राने दगा दिला आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडण्यात आले. एवढे सांगितल्यावर अकराही मुले हत्तीभोवती फिरून सांधे शोधू लागली आणि कोणाला किती सापडले यावर त्यांची जुंपली. सहलीतला पहिला अर्धा तास तिथेच गेला, आणि आयुष्यात प्रथमच ‘पुढे सरका’ म्हणायचे माझ्याकडून राहून गेले.

आत गेल्यावर मात्र माझाच चेहरा मुलांपेक्षा भांबावलेला असावा. उंच नक्षीदार खांब, रंगवलेले छत, बिडाचे कठडे आणि मधोमध राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा संगमरवरी पुतळा. ही वास्तू १८६२ मध्ये पायाभरणी होऊन १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तेव्हा ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने ओळखली जाई, आणि १९७५ मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. हे भाऊ दाजी म्हणजे मुंबईतले नामांकित डॉक्टर, जगन्नाथ शंकरशेट यांच्यासोबत या संग्रहालयासाठी निधी जमवणारे, आणि अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक. त्या शिलालेखांत वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एकीची राजधानी आपल्या रामटेकजवळ, तर दुसरीची वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला होती. आमच्या एका शिक्षिकेने हा धागा तिथेच उभ्याउभ्या मुलांना सांगितला आणि ‘वाशीम’ हा शब्द ऐकताच ज्याची आत्या तिथे दिलेली आहे तो मुलगा एकदम पुढे आला.

त्या इमारतीचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे, आणि तो मला परतीच्या गाडीत सुचला याची हळहळ वाटते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे त्या चार वर्षांत जो पैसा वाहत आला, त्यातूनच शहरात मोठमोठ्या इमारतींची बांधकामे निघाली. युद्ध संपले, भाव कोसळले, १८६५ मध्ये कित्येक पेढ्या बुडाल्या आणि या संग्रहालयाचे कामही पैशाअभावी रखडले. पुढे ते सरकारने तडीस नेले. तो कापूस गुजरातचा होता, खानदेशचा होता, तसाच वऱ्हाडाचा आणि आपल्या हिंगणघाटचाही होता. हिंगणघाटच्या ‘बनी’ कापसाचे नाव त्या काळी मुंबईच्या बाजारात आदराने घेतले जाई. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि १८७० मध्ये खामगावला खास फाटा काढला गेला, तो या कापसाच्या गाठींच्या ओढीनेच. म्हणजे कापसाच्या भावाबरोबर इमारत उठते आणि भावाबरोबर थांबते, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. भाव पडला की घराचा स्लॅब दोन वर्षे सळ्या वर काढून तसाच राहतो, हे त्यांनी प्रत्येक गल्लीत पाहिलेले आहे.

जाता जाता, या संग्रहालयाचा २००८ मध्ये पूर्ण झालेला जीर्णोद्धार मुंबई महानगरपालिका, जुन्या वास्तू जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्यातून झाला. ज्या जमनालालजींनी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले, त्यांच्या नावाची संस्था मुंबईतल्या जुन्या वास्तूला सावरायला पुढे आली, हे वाचून मुलांना उगीचच आपण पाहुणे नसून घरचे आहोत असे वाटले. मलाही वाटले, खोटे कशाला बोलू.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळे लिहीत आहे, तो सांगतो. हे संग्रहालय मुळात औद्योगिक कलांसाठी उभारले गेले, म्हणजे कारागिरांनी हातांनी घडवलेल्या वस्तू लोकांनी पाहाव्यात, त्यांची घडण समजून घ्यावी, हा त्यामागचा हेतू. तळमजल्यावर धातूची भांडी, बिदरीकाम, हस्तिदंत, चंदन, शिंग आणि मातीकाम आहे. वरच्या मजल्यावर मुंबईचा इतिहास आहे आणि निरनिराळ्या समाजांच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. आम्ही मुलांना सांगितले होते की सगळे पाहायचे नाही, प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यापुढे वीस मिनिटे थांबायचे आणि वहीत तिचे चित्र काढायचे. एक मुलगा एका धातूच्या भांड्यासमोर चक्क फरशीवर पालथा पडलेला मला दिसला. मी घाईने उठवायला गेलो, तर तो म्हणाला, “सर, बूड पाह्यल्याशिवाय भांडं समजत नाही, असं आबाजी म्हणते.” त्याचे आजोबा, म्हणजे आबाजी, चाळीस वर्षे गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करीत असत. हा मुलगा काचेखालून त्या भांड्याच्या बुडाला झाळ कुठे आहे, ते शोधत होता. त्याच्या वहीत भांड्याचे चित्र नव्हते, फक्त बुडाचे होते, आणि बाजूला लिहिले होते : ‘जोड दिसत नाही. चांगला कारागीर.’

मी त्या भांड्यापुढून दोनदा गेलो होतो. शेकडो पुस्तके वाचलेला माणूस म्हणून गावात माझा थोडा दबदबा आहे, पण मला त्या भांड्यात नक्षीपलीकडे काही दिसले नव्हते.

त्यानंतरच्या वर्षी आम्ही जवळच्याच एका शहरातील संग्रहालयात गेलो तेव्हा बसमध्ये आबाजी होते. सोबत गावातल्या बुरूडकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. दोघांनीही पूर्वी कधी संग्रहालय पाहिले नव्हते. आबाजी तर आधी यायला तयारच नव्हते, कारण ‘तिथं शिकलेल्या लोकांचं काम’ अशी त्यांची समजूत. भांड्यांच्या कपाटापुढे मात्र ते खुर्ची मागून घेऊन बसले आणि पाऊण तास उठले नाहीत. चार निरनिराळ्या भांड्यांना तेथे एकच पाटी होती : ‘धातूची पात्रे’. आबाजींनी डावीकडून सुरुवात केली. हा गंज, यात वरण शिजते. हा गुंड, पाणी भरायचा. हा गडवा, याचा गळा बारीक आणि पोट मोठे का, तर चार बोटांत गळा धरून चालले की पाणी हिंदकळत नाही. ही कोपर, कणीक मळायची. मग त्यांनी मुलांना ओतीव आणि ठोकीव भांडे कसे ओळखायचे ते दाखवले. ठोकीव भांड्याच्या पोटावर उजेड तिरपा पडला की हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा माशाच्या खवल्यांसारख्या दिसतात, ओतीवाचे पोट सपाट. त्यानंतर कल्हईचा विषय निघाला : भांडे तापवायचे, नवसागर फिरवायचा, त्याचा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे पसरवायचे. “बोळा चांगल्या कापसाचा पाहिजे,” असे ते म्हणाले आणि कापूसवाल्यांची सगळी पोरे हसली. तेथील एका कर्मचाऱ्याने थांबून ती चारही नावे आपल्या वहीत उतरवून घेतली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पाटी बदलली की नाही, ते पाहायला पुन्हा जावे लागेल.

मावशींचे बोलणे थोडे होते. बांबूच्या एका जुन्या टोपलीकडे बोट दाखवून त्या एवढेच म्हणाल्या की ही डावखुऱ्या बाईने विणलेली आहे, आणि पुढच्या दालनात निघून गेल्या. विणीचा पीळ कोणत्या बाजूला जातो ते पाहत मुली तिथेच खोळंबल्या.

शहरात ज्याला डिझाइन म्हणतात, त्याला आमच्या घरी घडण म्हणत. माझे वडील सुतार होते आणि श्रावण लागला की तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करायला बसत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरे हे चाकांचे नंदी सजवून दारोदार ओढत नेतात आणि बोजारा मागतात, हे आपल्याला सांगायला नको. वडिलांनी केलेला एक वीतभर उंचीचा सागवानी नंदी माझ्या वाचनालयाच्या कपाटावर आजही आहे. त्याची शिंगे वेगळी करून बसवलेली आहेत, म्हणजे तुटली तर नवी घालता यावीत. वशिंड मात्र अंगच्याच लाकडाचे आहे. दोरीचे भोक नंदीच्या गळ्यात नाही, खालच्या पाटाच्या पुढच्या कडेला आहे. मी लहानपणी गळ्यातच दोरी बांधायचा हट्ट धरला, कारण खऱ्या बैलाची दोरी वरच असते, तेव्हा वडिलांनी बांधू दिली आणि मला उंबरठ्यावरून ओढायला सांगितले. चाके अडली आणि नंदी तोंडावर पडला. दोरी पाटाला असली की पोराचा हात वर असल्यामुळे पुढची चाके आपसूक उचलली जातात आणि नंदी उंबरठा ओलांडून जातो. एवढा विचार त्या भोकाच्या जागेत आहे, आणि तो कोणत्याही पाटीवर लिहिलेला मला अजून आढळलेला नाही. अशा वस्तू करणारी माणसे आपल्या गावांत अजून आहेत, पण दर पोळ्याला कमी होत आहेत, आणि बाजारात रंगवलेले प्लास्टिकचे नंदी आले आहेत, ज्यांची दोरी गळ्यात असते.

म्हणून माझी विनंती अशी आहे की यंदाच्या सहलीत बसमधील दोन जागा गावातील कारागिरांसाठी राखून ठेवाव्यात. सुतार, लोहार, कुंभार, कल्हईवाले, बुरूडकाम करणाऱ्या, वाकळ शिवणाऱ्या, जे कोणी आपल्या गावात असतील ते. त्यांची वर्गणी समितीने भरावी आणि त्यांचा त्या दिवसाचा रोजही द्यावा, कारण हातावर पोट असणाऱ्याला दिवस मोडून फुकट या म्हणणे बरे नव्हे. यावर मला एक हरकत आधीच ऐकवण्यात आली आहे, की सहलीच्या परवानगीच्या अर्जात विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याखेरीज इतरांना कसे दाखवायचे. आम्ही त्यांना ‘मार्गदर्शक’ असे लिहिले आणि सोबत समितीचा ठराव जोडला. अडचण आली नाही. जो माणूस मुलांना चार भांड्यांची नावे आणि घडण सांगतो, त्याला मार्गदर्शक म्हणण्यात लबाडी आहे असे मला वाटत नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत, पण त्यांच्यावाचून सहल फसते, म्हणून लिहितो. साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्यावा आणि किती मुले येणार ते आधी कळवावे. एका शिक्षकाने पंधरा दिवस अगोदर स्वतः जाऊन दालने पाहून यावीत. एका दिवसात संग्रहालय ठेवले असेल तर त्याच दिवशी वॉटर पार्क ठेवू नये, मुलांचे चित्त तिकडेच लागलेले असते आणि त्यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडण्याचा आमचा नियम आपण जरूर वापरून पाहावा. मोबाइल शिक्षकांनीही खिशात ठेवावेत, कारण फोटो काढला की पाहण्याचे काम झाले असे सर्वांनाच वाटते.

मुंबई सर्वांना परवडणार नाही, हे मी जाणतो. पण नागपूर आपल्याला लांब नाही आणि तिथले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ पासून आहे. आपल्याकडचे लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘अजब बंगला’ म्हणत आले आहेत. नाव गोड आहे, पण अजब म्हटले की माणूस तोंडाचा आ करून पाहतो आणि घरी जातो. तिथे जाण्यापूर्वी मुलांना पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडची गोष्ट सांगावी. १९७८ ते १९८० या काळात तेथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. किंवा नागपूरजवळच्या जुनापाणीची सांगावी. तिथली शिळावर्तुळे, म्हणजे भोवती दगड गोल मांडलेली प्राचीन थडगी, १८६७ च्या सुमारास खणणारा रिव्हेट-कार्नाक हा साहेब पुरातत्त्वाचा नव्हे, तर सरकारच्या कापूस खात्याचा अधिकारी होता, आणि त्याने काढलेल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. या गोष्टी ऐकून गेलेला लोहाराचा मुलगा शस्त्रांच्या कपाटापुढून सरळ पुढे जाणार नाही. त्याचे वडील सोबत असतील तर तो मुळीच हलणार नाही.

आपल्यापैकी ज्यांना आमच्या सहलीचा ठराव, मुलांच्या वह्यांची पाने किंवा कारागिरांना विचारण्यासाठी आम्ही केलेली प्रश्नांची यादी हवी असेल, त्यांनी वाचनालयात यावे. सोमवार सोडून रोज सायंकाळी ते उघडे असते. आबाजींनी यंदाही यायचे कबूल केले आहे आणि दुसऱ्या गावाच्या शाळेसोबत जायलाही त्यांची ना नाही. त्यांना बसमध्ये पुढची जागा द्यावी लागेल, मागे बसले की त्यांना मळमळते.

आपला विश्वासू,
एका ग्रामीण वाचनालयाचा ग्रंथपाल
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा